"नट्टापट्टा" म्हणून हसणाऱ्यांस

मध्यंतरी आपल्या एका मेळाव्यात मुंबईच्या जुन्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. एका वयस्क बंधूंनी फौजेतले, कोर्टातले, इस्पितळातले आपले नामवंत एकामागून एक सांगितले. टाळ्याही पडल्या. मी म्हटले, "भाऊ, आपल्या मुली 'ईव्हज वीकली' वाचून मोठ्या झाल्या, तेही स्मरणिकेत येऊ द्या." त्यावर ते हसले. "बाई, तो नट्टापट्टा! त्याचा इतिहास कसला?"

सभेत वाद नको म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते.

गुलशन युइंग या पारशी बाई, जन्म १९२८ चा, मुंबईचा. १९६६ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, त्या 'ईव्हज वीकली'च्या संपादक होत्या. 'स्टार अँड स्टाईल' हे सिनेमाचे नियतकालिकही त्यांच्याच हाताखाली चाले. ज्या काळी वृत्तपत्राच्या कचेरीत बाईला बहुधा फुलांच्या प्रदर्शनाची बातमी देऊन वाटेला लावीत, त्या काळी ही बाई अंकात काय जावे आणि काय जाऊ नये हे ठरवीत होती. इंदिरा गांधींची मुलाखत त्यांनी घेतली आणि हॉलिवूडच्या नटांच्याही. हे ज्यांना नट्टापट्टा वाटते त्यांनी तेवीस वर्षे दर आठवड्याला एक अंक वेळेवर काढून दाखवावा!

आता आपल्या घरांकडे या. आपल्या किती मुली त्या वेळी नर्स, शिक्षिका, टायपिस्ट होत्या! आजीची नऊवारी ऑफिसात चालत नव्हती आणि गोऱ्या मडमेचा फ्रॉक घरी चालत नव्हता. पहिल्या पगाराची मुलगी काय नेसून लोकलमध्ये चढणार? त्या पानावरचा ब्लाउजचा गळा शिंप्याला दाखवून निम्म्या खर्चात तसाच शिवून घेत. एक अंक चार घरांत फिरे, आणि परत येई तेव्हा त्यातली दोन पाने कापलेली असत. (आमच्या घरी यावरून भांडणे झालेली आहेत.)

सौंदर्यस्पर्धांवर टीका करायची तर खुशाल करा. मलाही त्या साऱ्याच पटत नाहीत. पण १९६६ साली याच साप्ताहिकाच्या स्पर्धेतून रीटा फारिया लंडनला गेली आणि मिस वर्ल्ड झाली. ती मुंबईत डॉक्टरकी शिकणारी मुलगी होती आणि किताबानंतर पुन्हा डॉक्टरकीकडेच वळली. त्याआधी १९५९ साली भारतातर्फे मिस वर्ल्डला गेलेली फ्लर एझिकिल तर आपल्यातलीच. १९४७ ची पहिली मिस इंडिया प्रमिला, म्हणजे एस्तेर अब्राहम, कलकत्त्याची बगदादी यहुदी. तिचीच मुलगी नकी जहान १९६७ साली 'ईव्हज वीकली'ची मिस इंडिया झाली. आपल्या किती स्मरणिकांत ही नावे आहेत? मी पाहिलेल्या स्मरणिकांत तरी नाहीत.

एक दोष मी कबूल करते. ते साप्ताहिक इंग्रजीत होते. आमच्या आयांना ते वाचता येत नसे, त्या चित्रे पाहत. त्यांच्यासाठी १९३० पासून 'स्त्री' मासिक होते आणि त्याची सर 'ईव्हज वीकली'ला आली असे मी म्हणणार नाही. पण फॅशनच्या आडून बाईला दुसरेही काही वाचायला देता येते, हे युइंगबाईंना उमगले होते. अम्मू जोसेफ यांच्यासारख्या पत्रकार तेथे काम करून गेल्या. हुंडा, मारहाण, बलात्काराचा कायदा हे विषय साडीच्या जाहिरातीशेजारी येऊ लागले. नवऱ्यासमोर जी बाई असली पुस्तके उघडू शकत नव्हती, ती हे साप्ताहिक उघडू शकत होती. त्यात भरतकामाचा नमुना असे ना!

२०२० च्या एप्रिलमध्ये युइंगबाई लंडनमध्ये करोनाने वारल्या. वय ९२. आपल्याकडून कोणी चार ओळी लिहिल्याचे मला दिसले नाही. मीही लिहिल्या नाहीत, तो दोष माझाही आहे.

लोद, रामले, अश्दोद, दिमोना, कुठेही असा. आई किंवा मावशी गेल्यावर कपाट रिकामे करताना जुने अंक सरळ कचऱ्यात टाकले जातात. तसे करू नका. फ्लर एझिकिलचे एखादे कात्रण, 'ईव्हज वीकली'चा अर्धा फाटका अंक, त्यावरून शिवलेल्या कपड्यातला एखादा फोटो कोणाकडे असेल तर संपादकांकडे पाठवा. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा त्या बंधूंच्या हाती मीच नेऊन देईन.