भिंतींना फुटलेले कान

दिवा लावण्यासाठी ‘अलेक्सा’ला घातलेली हाक कंपनीच्या दूरस्थ संगणकांपर्यंत जाते, याचे भान किती कुटुंबांना आहे? पालकांनी सांगूनही मुलांची ध्वनिमुद्रणे पुसली नाहीत, या अमेरिकन व्यापार आयोगाच्या आरोपावरून अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. तिच्या पसाऱ्यापुढे ही रक्कम किरकोळच! पुढे २८ मार्च २०२५ पासून, आवाज घराबाहेर न पाठविण्याची तेथील काही यंत्रांवरील सोयही तिने काढून घेतली. भारतात २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती बंधनकारक ठरविली. मात्र नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी अंमलबजावणीस आणखी अठरा महिने दिले. तोवर मायक्रोफोन बंद करण्याचे बटण घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे, आजी-आजोबांनाही.