नाव, वय, तक्रार... आणि पाणी कुठलं?

खामगावची डॉक्टरमंडळी आणि त्यांच्या दवाखान्यांत नंबर लावून बसणारे आपण सगळे, यांच्यासाठी

जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांतल्या लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले. दोन-चार दिवसांत टक्कल! आधी शाम्पूवर खापर फुटलं, मग बुरशीवर, मग पाण्यावर. आयसीएमआरची पथकं आली, नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घरातल्या गव्हापर्यंत पोचले आणि त्यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या निष्कर्षावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. पण ‘घरात खाता काय?’ हा प्रश्न रायगड जिल्ह्यातल्या डॉक्टरआधी आपल्या घाटाखालच्या दवाखान्यांत मोठ्याने विचारला जायला हवा होता.

रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 सालीच सांगून ठेवलंय, की रोग्याला विचारा, तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. आमच्या केसपेपरवर अजून नाव, वय, तक्रार एवढंच.

खामगाव कापसाचं गाव. 1870 मध्ये जलंबहून इथवर रेल्वे आली ती या कापसासाठीच. जिनिंगच्या हंगामात रुईच्या धुळीत उभा असलेला मजूर सुटीनंतर कामावर येतो आणि त्याच दिवशी त्याची छाती आवळते. पुढे एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पुढच्या सुटीनंतर पुन्हा तेच. ही बिसिनोसिसची ठळक खूण. तिला ‘दमा’ म्हणून पंप लिहून दिला की खेळ खलास. कापसाच्या धुळीने होणारा हा आजार दिसला, तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला लेखी कळवायचं, ही तरतूद 1948 च्या कारखाना अधिनियमापासून चालत आली आहे. डॉक्टरसाहेब, असं पत्र तुम्ही शेवटचं कधी लिहिलंत?

आता पाण्याकडे या. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाण पट्ट्यातले किडनीचे रोगी उपचारासाठी खामगावलाही येतात. तिकडची बोअर खारी, आणि इकडे आपल्या शहरातही उन्हाळ्यात बोअरवरच भिस्त. बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको, अशी मर्यादा आहे. पाणी उकळलं की ते शुद्ध होतं, असं घरोघरी समजतात. जंतूंपुरतं ते खरं. नायट्रेट मात्र भांड्यातच राहतं, उलट पाणी आटल्याने आणखी दाट होतं. तुरटी, कपडा, साधा कँडल फिल्टर यांनी ते जात नाही. त्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दोन-तीन महिन्यांच्या बाळाला दिलं, तर बाळ निळं पडू शकतं. हे प्रसूतीनंतर घरी सोडताना प्रत्येक आईला सांगायला किती वेळ लागतो?

डॉक्टर म्हणतील, ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात काय काय विचारायचं? कबूल. मग हे शिकायची सोय करा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 गुण मिळवावेच लागतात. औषध कंपन्यांच्या जेवणावळीतल्या व्याख्यानांतून मिळतात तसे त्यातले काही गुण धूळ, पाणी आणि फवारणीच्या विषांवर मिळू द्या. व्याख्यानाला जिनिंगचा मजूरही बोलवा, तो जे सांगेल ते पुस्तकात नसतं.

नगरपरिषदेकडे मागणी एकच: नळाच्या आणि सार्वजनिक बोअरच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला वॉर्डातल्या फलकावर लावा, नायट्रेट आणि फ्लोराइडसकट.

आणि खामगावकर हो, डॉक्टरने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: काम काय, पाणी कुठलं, घरात अजून कुणाला असंच होतंय का. चिठ्ठीवर लिहवून घ्या, पुढच्या वेळी तीच चिठ्ठी सोबत न्या.