डॉ. खऱ्यांची अर्धीच बाजू



गेल्या अंकातील पत्रात डॉ. ना. भा. खरे यांना 'सत्तालोभी' म्हणून निकालात काढले आहे. मला हे अजिबात पटत नाही. चांगली चाललेली नागपुरातली डॉक्टरकी सोडून ते राजकारणात उतरले. जुलै १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या या पंतप्रधानांनी काँग्रेस श्रेष्ठींना न विचारता राजीनामा दिला आणि रातोरात नवे मंत्रिमंडळ बनवले. ती घाई चुकलीच! पण त्याच मंत्रिमंडळात त्यांनी दलित समाजातील अग्निभोज यांना घेतले, हे पत्रलेखक का गाळतात? खऱ्यांचे नंतरचे हिंदू महासभेचे राजकारण मलाही मान्य नाही. तरी अग्निभोजांवर एक स्वतंत्र लेख जरूर छापावा.

– एक वाचक, वेल्हे