नाव आपले, पत्ता कोणाचा?



चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळाचे वधू-वर नोंदणीचे संकेतस्थळ वस्तीतल्याच एका तरुणाने तयार करून दिले. मुलगा गुणी, एक पैसाही घेतला नाही. आम्ही सभेत हार घालून त्याचा सत्कार केला. पत्ता नेमका कोणाच्या नावाने नोंदवला, हे मात्र कोणीही विचारले नाही. आयुष्यभर कारकुनी करणाऱ्या मीसुद्धा नाही! पुढे तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला, त्याचा फोन बदलला, वार्षिक फी भरायची राहून गेली. एके दिवशी आमचा पत्ता उघडला तर समोर ऑनलाइन जुगाराची जाहिरात!

पनवेल स्टेशनवर एका मुलीच्या आईने मला गाठले. "भाऊ, माझ्या पोरीचा फोटो आता कोणाच्या हातात गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चौकशीअंती कळले की, जुने फोटो त्या मुलाच्या खात्यातच होते. ते आम्ही पुसून घेतले. पण आमच्या जुन्या ई-मेलवर कोणी नवा बायोडाटा पाठविला, तर तो आता त्या अनोळखी मालकाला मिळू शकतो. या प्रकरणामुळे मी हा विषय मुळापासून समजून घेतला. त्यातले चार शब्द आज आपल्यापुढे मांडतो.

दुकानाच्या पाटीचा कायदा जुना आहे. पनवेलात 'प्रकाश स्टोअर्स' असले तरी नाशकात त्याच नावाचे दुसरे दुकान सुखाने चालते. गिऱ्हाईक वेगळे, गाव वेगळे. इंटरनेटवर मात्र तोच पत्ता साऱ्या जगात एकालाच मिळतो, आणि तो देताना 'हे नाव तुझेच का?' असे कोणी विचारत नाही. जो आधी येईल, फी भरील, त्याचा पत्ता. भांडणाचे मूळ इथेच आहे.

आपल्याकडचा गाजलेला खटला मुंबईचाच. रेडिफ डॉट कॉम ही मुंबईची कंपनी. दुसऱ्या एका व्यावसायिकाने 'रॅडिफ डॉट कॉम' हा पत्ता नोंदविला. फरक एका अक्षराचा! 'रॅडिकल' या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांचे एकेक आद्याक्षर घेऊन आम्ही हे नाव बनविले, असा खुलासा त्यांनी केला. मुंबई उच्च न्यायालयाला तो पटला नाही. १९९९ साली न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि म्हटले की, डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही. त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे.

पुढे ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे कंपनीच्या 'सिफी' या नावाच्या खटल्यात हाच मार्ग पक्का केला. डोमेन नावांच्या तंट्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. पण एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपविण्याविरुद्ध जो दावा चालतो, ज्याला वकील मंडळी 'पासिंग ऑफ' म्हणतात, तो इथेही चालतो. नावाची नोंदणी नसली तरी दीर्घ वापराने मिळविलेला लौकिक सिद्ध करता आला, तर दाद मागता येते.

कोर्टाबाहेरही एक वाट आहे. डॉट कॉमसारख्या पत्त्यांसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय नियम आहेत. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : पत्ता आपल्या चिन्हाशी फसवे साम्य असलेला आहे, समोरच्याचा त्या नावावर न्याय्य हक्क नाही आणि त्याने तो वाईट हेतूने घेतला व वापरला. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासाठी फी दीड हजार डॉलर आहे. आपल्या डॉट इन पत्त्यांसाठी २००५ पासून वेगळी लवाद पद्धत आहे.

मात्र प्रत्येक वेळी थोरल्याचेच खरे असते असे समजू नका. अमेरिकेत उझी निसान नावाचे संगणक व्यावसायिक होते. १९९४ साली त्यांनी स्वतःच्या आडनावाचा पत्ता नोंदविला. १९९९ मध्ये निसान मोटार कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला. वर्षानुवर्षे खटला चालला, वापरावर काही बंधने आली; पण २०२० साली निधन होईपर्यंत त्यांनी तो पत्ता सोडला नाही. स्वतःच्या नावावर माणसाचाही हक्क असतो.

हे सारे मोठ्यांचे तंटे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. एका अक्षराच्या फरकाने बँकेची खोटी पाने तयार होतात आणि गरिबाची पुंजी जाते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जाण्यास सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. व्यवहारापूर्वी पत्त्याचे शेपूट वाचा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा.

आणि संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो, वाचनालय असो, पतपेढी असो वा महिला मंडळ, एवढे जरूर करा. पत्ता संस्थेच्याच नावाने नोंदवा. पासवर्ड दोघा पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. नूतनीकरणाची तारीख वीजबिलासारखी रजिस्टरात लिहा. पावती फाईलला लावा आणि पदाधिकारी बदलले की, किल्ल्यांबरोबर याचाही ताबा द्या.

आमचा जुना पत्ता परत मिळाला नाही. लढायला दीड हजार डॉलर कोठून आणायचे? नवा पत्ता घेतला, या वेळी मंडळाच्या नावाने, आणि नोंदणी केलेल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन जुना पत्ता वापरू नका म्हणून सांगितले. त्या माउलीने चहा पाजला, पण जाताना म्हणाली, "भाऊ, हे आधी विचारायला हवं होतं." तिचे बरोबर होते. आपण तरी आधी विचारा.