काटा खोटा की इंजिन खोटे?

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी एक प्रयोग चालतो. गेल्या वर्षीची दिव्यांची माळ माळ्यावरून खाली येते, बटण दाबले जाते आणि अर्धी माळ पेटतच नाही. मग घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढतो आणि हाताशी येईल तो दिवा हलवून पाहतो. माळ पेटली तर त्याची कीर्ती होते. दोष कुठे होता हे मात्र त्यालाही ठाऊक नसते! माळेच्या बाबतीत हे खपते. पण हीच रीत कोणी घरी बांधलेल्या विमानाला लावली तर?

घरी बांधलेले विमान म्हणताच काही वाचक हसतील. त्यांनी हसू नये. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाणचाचणी झाली. केळी, कापूस आणि वांग्याचे भरत एवढ्यावरच खानदेशाची ओळख संपवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या विद्यार्थ्यांनी उड्डाणाचे धडे घेतले आहेत आणि जळगावचा विमानतळही २०१२ साली सुरू झाला आहे.

पण विमान बांधून उडवले म्हणजे काम संपत नाही. ते जुने होऊ लागले, की खरी परीक्षा सुरू होते. कारखान्याच्या विमानाबरोबर दुरुस्तीचे जाडजूड पुस्तक येते. घरच्या विमानाचे पुस्तक पुष्कळदा बांधणाऱ्याच्या डोक्यात असते. त्यात आमच्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा. तारांवरचे वेष्टण कडक होते, रबराला भेगा पडतात. पुढे पावसाळ्याची दमट हवा सांध्यांना गंज चढवते. आणि मग एके दिवशी, विमान वर असताना, तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर येतो.

आता विश्वास कोणावर ठेवावयाचा, काट्यावर की इंजिनावर? जाणते लोक दोन साक्षीदार तपासतात. तेलाचा दाब खरोखरच गेला असेल, तर थोड्याच वेळात तेलाचे तपमान चढू लागते. दाबाचा काटा पडला आणि तपमानाचा काटा जागचा हलला नाही, तर संशय काट्यावर, त्याच्या तारेवर किंवा इंजिनावर बसवलेल्या दाबमापकावर येतो. परंतु हा संशय घेऊन पुढचा प्रवास करावयाचा नाही! जवळची धावपट्टी गाठून आधी उतरावयाचे. आकाशात काटा खरा धरावा आणि जमिनीवर त्याची उलटतपासणी घ्यावी, हा या धंद्यातला शहाणपणा.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. उतरण्याचा मोठा दिवा लावला, की पेट्रोलचा काटा हलतो. दिव्याने पेट्रोल प्यायले की काय? तसे नव्हे. पत्र्याच्या विमानात वीज बॅटरीकडे परतते ती बहुधा विमानाच्या सांगाड्यातूनच. त्या परतीच्या वाटेवरचा एखादा सांधा गंजला, की दिव्याचा जास्तीचा प्रवाह तेथे अडतो आणि तोच सांधा वापरणारे सगळे काटे एकदम चुकू लागतात. अनेक यंत्रे एकाच वेळी आजारी पडली, तर यंत्रे बदलीत बसू नये. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधावे. व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी यंत्राच्या अर्थिंगला लावावी, मग दिवा लावून पाहावे. वाटेत अडथळा नसेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर चोर सापडला. मग सांधा उघडून घासून स्वच्छ केला, की पुष्कळदा काम भागते. नव्या यंत्राचे पैसे वाचतात.

बॅटरीच संपली तर विमान कोसळते, अशी एक समजूत आहे. पुष्कळ लहान विमानांत ठिणगी मॅग्नेटो देतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. जुन्या स्कूटरी बॅटरीवाचून किकवर चालत, तसेच हे. मात्र हौसेने इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवली असेल, तर हा दिलासा उरत नाही.

काही काट्यांना मात्र वीज लागत नाही. ते हवेच्या दाबावर चालतात. त्यांचा शत्रू आपल्या खिडकीत मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी! वेग मोजणाऱ्या नळीत तिने बिऱ्हाड केले, की वेगाचा काटा बरळू लागतो. १९९६ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक मोठे विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. नळी बंद झाली होती, आणि ती बहुधा अशाच माशीच्या घरट्याने, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी पेरू देशात धुलाईच्या वेळी हवेच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहिली आणि ७० माणसे गेली. नळीवर घालावयाचे लाल फडक्याचे टोपण चार पैशांचे असते. ते विमान उभे करताना न विसरता घालावे आणि उडण्यापूर्वी न विसरता काढावे. आणि नळी साफ करताना तिच्यात फुंकर मारू नये, नाहीतर आतले नाजूक यंत्रच बिघडते.

शेतातला पंप दुरुस्त करणारा चांगला मिस्त्री प्रथम विचारतो, “भाऊ, बंद पडण्याआधी कोणी काय हात लावला होता?” विमानाच्या मालकालाही हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर तोंडी घेऊ नये. प्रत्येक तारेला चिठ्ठी, प्रत्येक जोडणीचा नकाशा आणि प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद हवी. बांधणारा म्हातारा होतो, कधी विमान दुसऱ्याच्या हाती जाते. त्या दुसऱ्याला तारा दिसतात, बांधणाऱ्याच्या डोक्यातले काही दिसत नाही. शंभर रुपयांची वही लिहिण्याचा आळस केला, तर त्याची किंमत पुढे कोणीतरी अनोळखी माणूस आकाशात मोजतो.