काळ्या खिडकीतली वही

रात्री अकरा वाजता आमच्या बेसमेंटमधल्या टेबलावर एक काळी खिडकी उघडी असते. तीत पांढरी अक्षरं सरकत असतात. सौ. जिन्यावरून डोकावतात आणि विचारतात, "अहो, ते काळं अजून मिटलं नाही का?"

मंडळात आम्ही 'कॉम्प्युटरवाले' म्हणून प्रसिद्ध. कुणाचा प्रिंटर अडला की फोन आम्हाला. पण त्या काळ्या खिडकीत आम्ही करतो काय, हे कुणी विचारलं नव्हतं. गेल्या गणपतीत मोदकांच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, "ते गिट म्हणजे काय रे? आमचा नातू सारखं म्हणत असतो." तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि उत्तर राहून गेलं. ते आज देतो.

ही खिडकी म्हणजे कमांड लाइन. माउसने बोट दाखवून काम सांगण्याऐवजी टाइप करून सांगायचं. बोट दाखवणं सोपं खरं, पण ते दुसऱ्याला सांगणं महाकठीण. सांगलीच्या धाकट्या भावाला फोनवर "उजवीकडे वर छोटं चाक दिसतंय का?" असं विचारण्यात आम्ही अर्धा अर्धा तास घालवलेला आहे. लिहिलेली आज्ञा असली की एक ओळ पाठवायची, त्याने ती तशीच चिकटवायची. काम झालं.

आता गिट. आपल्याच मंडळात एकदा एका लेखाच्या चार फायली फिरत होत्या: 'अंतिम', 'अंतिम नवा', 'अंतिम खरा' आणि 'हाच छापा'. छापला गेला तो 'अंतिम नवा'. या दुखण्यावरचं औषध म्हणजे गिट. लिनक्सवाले लिनस टॉरव्हल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिलं. लिनक्सच्या कामाचा हिशेब ठेवायला ते बिटकीपर नावाचा प्रोग्राम वापरत. तो फुकट मिळेनासा झाला, तेव्हा या गृहस्थांनी स्वतःचाच बांधला. काही दिवसांतच गिटचा हिशेब गिट ठेवू लागलं.

रीत अगदी साधी. काम एका टप्प्याला आलं की 'गिट ॲड' म्हणून फायली पुढे करायच्या, 'गिट कमिट' म्हणून नोंद करायची आणि एका ओळीत कारण लिहायचं. गिट त्या क्षणाचं सगळं चित्र ठेवून घेतं आणि त्यावर चाळीस अक्षरांचा शिक्का मारतं. हा शिक्का मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या शिक्क्यावरून गणिताने निघतो. त्यामुळे मागच्या नोंदीतला एक काना जरी बदलला, तरी तिथून पुढचे सगळे शिक्के बदलतात. थोडक्यात, गुपचूप खाडाखोड करता येत नाही अशी ही किर्द. 'गिट ब्लेम' नावाची आज्ञा तर कुठली ओळ शेवटी कुणी आणि केव्हा बदलली तेही सांगते. मंडळाच्या मीटिंगला ही सोय नाही, हे मंडळाचं भाग्य.

ही वही आम्ही अण्णांसाठी वापरली. आमचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. वहीत लिहायचे, पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे, आणि आम्ही दर रविवारी ते टाइप करायचो. आम्हाला जमलं नाही तर सांगलीला भाऊ करायचा. मग फोनवर दुरुस्त्या. २०१८ ते २०२१ असं चाललं. कोयनेच्या भूकंपाचं प्रकरण त्यांनी सात वेळा बदललं. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. ते नुकतेच कोयनानगरला नोकरीला लागले होते. आधी लिहिलं, 'पाचच्या सुमारास'. पुढच्या रविवारी म्हणाले, "पाच नको रे. सव्वाचार होऊन गेले होते, तसं कर." आम्ही केलं आणि कमिट केलं. दोन्ही वेळा वहीत आहेत.

वही ठेवली होती क्लाउडवर. शब्द ढगाचा, पण वस्तू जमिनीवरचीच. उत्तर व्हर्जिनियात डलेस विमानतळाच्या आसपास गोदामांसारख्या लांबलचक इमारती आहेत, हाच तो ढग. ॲमेझॉनने २००६ मध्ये तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली, आणि आता तर पुष्कळ कंपन्या देतात. आपल्या काळ्या खिडकीतून तिथे शिरायचं दार म्हणजे एसएसएच. हेलसिंकीच्या तातू यलोनेन यांनी ते १९९५ मध्ये लिहिलं. त्यात कुलूप आणि किल्ली अशी जोडी असते. कुलूप हव्या तितक्या सर्व्हरांना लावा, किल्ली मात्र घराबाहेर न्यायची नाही.

क्लाउडच्या खात्याचीही अशीच एक गुप्त किल्ली असते. आणि नियम पाठ असूनही २०१९ मध्ये आम्ही माती खाल्ली. गणपतीच्या नोंदणीसाठी छोटा प्रोग्राम लिहिला आणि मंडळाच्या क्लाउड खात्याची किल्ली घाईघाईत त्याच फायलीत लिहून ठेवली. इतर मंडळांनाही उपयोग व्हावा म्हणून सगळ्या जगाला दिसेल अशा जागी 'गिट पुश' केलं. दहा मिनिटांत चूक ध्यानात आली. ती ओळ पुसली, पुन्हा कमिट केलं, पुन्हा पुश केलं आणि निवांत झोपलो. सकाळी पाहतो तर खात्यावर अकराशे डॉलर चढलेले! आम्ही कधी वापरल्या नाहीत अशा देशांतल्या मोठमोठ्या यंत्रांवर कुणीतरी आमच्या पैशाने डिजिटल नाणी पाडत बसलं होतं. अशा किल्ल्या हुडकत रात्रंदिवस फिरणारे प्रोग्राम असतात. आणि आम्ही पुसलेली ओळ मागच्या नोंदीत जशीच्या तशी होती. खाडाखोड होत नाही म्हणून ज्या वहीचं कौतुक केलं, तिनेच आम्हाला उघडं पाडलं. किल्ली फुटली तर ती आधी रद्द करायची, नवी घ्यायची, पुसापुशी नंतर, हे आम्ही अकराशे डॉलर मोजून शिकलो. कमिटीपुढे चूक कबूल केली आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरले. सौ. एवढंच म्हणाल्या, "वही चोख ठेवलीत, किल्ली मात्र पायपुसण्याखाली."

भलेभले चुकतात म्हणा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरने डेटाबेसची नक्कल पुसायला आज्ञा दिली, ती नेमकी चालू असलेल्या मूळ सर्व्हरवर. काळ्या खिडक्या सगळ्या सारख्याच दिसतात! हात आवरेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, त्यातली एकही धड चालत नव्हती. सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून सहा तासांच्या नोंदींवर निभावलं. कंपनीने हे लपवलं नाही, सगळं जाहीरपणे लिहून काढलं. ते वाचून आम्ही अण्णांची वही चार ठिकाणी ठेवली: आमच्या लॅपटॉपवर, सर्व्हरवर, सांगलीला भावाकडे आणि कपाटातल्या डिस्कवर. गिटची प्रत काढली की ती सबंध इतिहासासकट येते, हे त्याचं मोठेपण.

अण्णा २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. वर्षश्राद्धाला पुस्तक छापून घरच्यांना द्यावं म्हणून आम्ही मजकूर तपासायला बसलो. 'गिट लॉग' पुढे आडवी रेघ देऊन 'पी' लिहिलं की प्रत्येक नोंदीत काय आलं आणि काय गेलं ते दिसतं. आलेली ओळ हिरवी, गेलेली लाल. जून २०२० मध्ये भावाच्या नावावर एकाच दिवशी दोन नोंदी दिसल्या. सकाळी एक परिच्छेद आला होता, संध्याकाळी गेला होता. कारण म्हणून लिहिलं होतं, 'अण्णा म्हणाले, नको.' त्या महिन्यात आम्ही ऑफिसच्या कामात बुडालेलो होतो. रात्री नवी प्रत ओढून घेतली, ती परिच्छेद गेल्यानंतरची.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मीच टाइप केलं होतं. संध्याकाळी म्हणाले, काढ ते, त्याला उगाच लागेल."

त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही. ते त्यांनी काढलं होतं. एवढंच सांगतो, की २००३ च्या ऑगस्टमधला सहार विमानतळ होता, आम्ही एम. एस. ला निघालो ती रात्र होती आणि सांगलीला परत जाणारी एस. टी. होती. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वडिलांनी असा एक परिच्छेद लिहून काढून टाकलेला असेल, नाहीतर लिहिलाच नसेल.

पुस्तकात आम्ही तो घातला नाही. इतिहास नव्याने लिहिण्याच्या आज्ञाही गिटमध्ये आहेत, त्याही वापरल्या नाहीत. वहीत तो आहे तिथेच आहे, लाल अक्षरांत. चि. कन्या मोठी होऊन मराठी नीट वाचू लागली की तिला दाखवू.

असो. या सुट्टीत भारतात जाल तेव्हा आई-वडिलांकडून चार पानं लिहून घ्या. 'गिट इनिट' म्हणून वही उघडा आणि दर दुरुस्तीची नोंद करा. वही खासगी ठेवा, किल्ली वहीत लिहू नका. एक प्रत इथे ठेवा, एक तिथे, आणि महिन्यातून एकदा ती उघडते की नाही ते पाहा.

काकू, उत्तर जरा लांबलं. नातवाला अंक दाखवा.