रोल संपला, आठवण राहिली

अंधेरी-घाटकोपर स्टेशनाबाहेरचे जुने फोटो स्टुडिओ वाचकांना आठवत असतील. निकाहचे ३६ फोटोंचे रोल तिथे धुवायला जात. मग अल्बम घरोघर फिरे. दुकानदाराची कमाई रोल, धुलाई आणि प्रिंटवर होती. कोडॅकसारख्या कंपनीचा खरा नफाही कॅमेऱ्यापेक्षा फिल्म, रसायने आणि कागदातच होता.

म्हणूनच तिचा अंदाज चुकला. १९७५ साली तिच्याच इंजिनिअरने, स्टीव्ह सॅसन यांनी, डिजिटल कॅमेरा बनवला. एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. डिजिटलला फिल्मची जागा घ्यायला दहाएक वर्षे लागतील, असे १९८१ च्या कंपनीच्याच पाहणीत निघाले. तयारीला मुदत मिळाली, पण जास्त धडपड फिल्म सांभाळण्यातच झाली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

जपानची फुजीफिल्मही रोलवरच जगत होती. तिने फिल्मच्या रसायनांचे ज्ञान औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरले आणि ती टिकली. आपल्या उपनगरांतही पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लग्नाचे व्हिडिओ यांकडे वळलेले स्टुडिओवाले तगले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी छोटे दुकान किंवा हातातला हुनर आहे. मुलगा-मुलगी नवी पद्धत सुचवतात तेव्हा ‘चालू धंदा बसेल’ म्हणून त्यांना गप्प करू नका. गिऱ्हाइकाला रोलशी देणेघेणे नव्हते. त्याला आठवण जपायची होती. आपले गिऱ्हाईक नेमके कशासाठी येते, हे घरात एकदा बसून जरूर बोला.